होळकर पुलावरचा अपघात

पूर्णिमा ओव्हाळ होळकर पुलावर स्कूटरवरून पडली, तो प्रसंग तिच्या ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ होता. संध्याकाळची वेळ, रस्त्यावर सांडलेली वाळू, समोरून आलेला टेंपो आणि तेव्हापासून दुखावलेले दोन्ही गुडघे. महिन्यातून चार दिवस हे दुखणं डोकं वर काढायचं. त्या दिवसांत ती जिन्याचा कठडा धरून तीन मजले चढायची, सलवारीच्या आत गुडघ्यांना लवचीक पट्टे चढवायची आणि डब्याचं झाकण उघडायला शेजारणीकडे द्यायची. गुडघ्यावर पडलेल्या बाईची बोटं का धरतात, हे कधी कोणी विचारलं नाही. पुण्यात रस्त्यावर पडलो म्हटलं की कोणी पुरावा मागत नाही. ज्याच्या त्याच्या घरात एक पडलेला असतोच.

खालचा वॉचमन दत्तोबा तर दर महिन्याला न चुकता सांगायचा, "मॅडम, ती स्कूटर विकून टाका."

"विकायचीच आहे," ती म्हणायची.

स्कूटर नव्हतीच. तिला चालवताही येत नव्हती. चार वर्षं ती विश्रांतवाडीहून पीएमटीच्या बसने येत होती आणि बस होळकर पुलावर आली की खिडकीतून तोंड फिरवून घ्यायची. तिचे गुडघे, बोटं आणि कंबर दुखायची ती पाळीच्या आधी दोन दिवस आणि पाळी आल्यावर दोन दिवस. बाकीचा महिना तेच तीन मजले ती डबा हातात घेऊन भराभर चढे. एवढीशी गोष्ट झाकायला तिने एक टेंपो, एक स्कूटर आणि पाटीभर वाळू उभी केली होती.

आता कोणी म्हणेल, दोन हजार साल उलटल्यावर, पुण्यासारख्या शहरात, बी.एस्सी. झालेल्या बाईला एवढी कसली लाज? म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या ऑफिसात हा शब्द मोठ्याने उच्चारून बघावा. आणि पूर्णिमाची लाज चारचौघींसारखी नव्हती. ती अभिमानाच्या पोटी जन्मलेली होती, म्हणून जास्त चिवट होती.

तिची आजी दौंडकडच्या एका खेड्यातली. गावाची शिवाशिव ती बाहेर सोसायची आणि घरात पुन्हा स्वतःची पाळायची. त्या चार दिवसांसाठी गोठ्याच्या कडेला एक काळं घोंगडं टाकलेलं असे. बसायचं त्यावर, खायचं त्यावर, निजायचं त्यावर. छप्पननंतर वस्तीने दीक्षा घेतली, घरोघरचे देव पाटीत भरून नदीत सोडले, तेव्हा आजीने पाटीत देवांच्या वर ते घोंगडंही ठेवलं. अकरा वर्षांची यमुनाबाई, म्हणजे पूर्णिमाची आई, काठावर उभी राहून बघत होती. देव लगेच बुडाले, घोंगडं बराच वेळ तरंगत गेलं, असं ती आयुष्यभर सांगत आली.

यमुनाबाईने पुढे येरवड्याच्या एका शाळेत आया म्हणून तीस वर्षं काढली. बाक ओढले, जिने पुसले. शाळेतल्या दुसऱ्या बाया त्या दिवसांत पिण्याच्या पाण्याच्या टाकीला हात लावत नसत, तेव्हा टाकी यमुनाबाई भरायची आणि मुद्दाम सगळ्यांदेखत भरायची. "आमच्यात कोणी बाजूला बसत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते दिवस इतर दिवसांसारखेच, हे तिने लेकीच्या मनावर बिंबवलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. लेकीने मात्र त्यातून एक जास्तीचा अर्थ काढला. त्या दिवसांत दुखणं म्हणजे पुन्हा त्या घोंगड्यावर जाऊन बसणं, अशी तिने मनाशी गाठ मारली. तेराव्या वर्षी पहिल्यांदा गुडघे ठणकले तेव्हा तिने आईला सांगितलं की लंगडी खेळताना पडले. आईने हळद लावली. म्हणजे पडण्याची सवय तेव्हापासूनची.

तिची नोकरी होती ऐकण्याची. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर त्याची हकीकत तोंडी सांगून ठेवायचे. त्या आवाजाच्या फाइली रातोरात पुण्यात यायच्या आणि कर्वे रोडमागच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीसेक मुलंमुली कानाला हेडफोन लावून त्या टाइप करायची. आवाज थांबवायला आणि पुढे न्यायला पायाखाली एक पेडल असे, शिवणयंत्राच्या पायट्यासारखं, दिवसाला काही हजार वेळा दाबायचं. मेडिकल ट्रान्सक्रिप्शन या नावाने त्या वर्षांत पुण्यातली निम्मी बी.एस्सी. मंडळी पोटाला लागली होती. पूर्णिमा टाइप करता करता दोन वर्षांत तपासनीस झाली. इतरांच्या फाइली पुन्हा ऐकून चुका काढायच्या. नव्या मुलांना ती पहिल्याच दिवशी नियम सांगायची: जे ऐकलं ते, आणि तेवढंच. कळलं नाही तर जागा रिकामी सोडा, पण मनाचं काही घालू नका. कारण पलीकडे एक आजारी माणूस आहे.

अशाच एका फाइलीत तिला स्वतःचं दुखणं भेटलं. कुठल्याशा गावातली चाळिशीची नर्स. डॉक्टर बाई संथ आवाजात सांगत होत्या, की पेशंटचे सांधे आणि स्नायू दर महिन्याला पाळीच्या आधी दुखू लागतात, पाळी सुरू झाल्यावर दोनतीन दिवसांत उतरतात, सूज फारशी नाही, रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. तीन महिने तारखा मांडून ठेवायला सांगितलं आहे. आणि शेवटी: हे दुखणं खरं आहे, असं मी पेशंटला सांगितलं. पूर्णिमाने पेडलवरचा पाय काढला. परक्या देशातली बाई तिचं गाऱ्हाणं तिच्यापेक्षा नीट मांडत होती. आजूबाजूला कोणी आपल्याकडे बघत नाही ना, हे आधी बघितलं, मग ते वाक्य एकही चूक न करता टाइप केलं.

चार वर्षांत अशा अकरा फाइली तिच्या हातून गेल्या. अकराच्या अकरा तिच्या लक्षात होत्या. गरम पाण्याची पिशवी घ्यावी, दुखणं वाढायच्या आधीच गोळी घ्यावी, असं जे कानावर पडलं ते ती घरी गुपचूप करून बघायची. तारखाही मांडायची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवशी ती बारीक अक्षरात लिहायची, 'स्कू.' नवरा प्रज्ञेश खडकीच्या कारखान्यात होता, भला माणूस. त्याला वाटायचं, स्कूल. मुलाच्या शाळेचं काहीतरी असेल.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती तशीच झाकलेली राहिली असती, पण २००३ च्या सप्टेंबरात धायरीहून दीपाली आली.

बावीस वर्षांची, तीन महिन्यांच्या बोलीवर. कान इतका तयार की तोंडात घास घेऊन बोलणारे डॉक्टरही तिला कळायचे. पण काम रोज टाइप केलेल्या ओळींवर मोजलं जाई, आणि महिन्यातले चार दिवस तिच्या ओळी निम्म्यावर यायच्या. घरचं ती हसत हसत सांगायची: अजून तिच्याकडे चार दिवस पडवीत बसवतात, स्वयंपाकघराकडे फिरकू देत नाहीत. "राग येतो, पण टेकायला तरी मिळतं हो," ती एकदा जेवताना म्हणाली. पूर्णिमाने तिला तिथल्या तिथे ऐकवलं, की आमच्यात असलं काही नसतं. बोलताना मान ताठ होती आणि डब्याचं झाकण दीपालीनेच उघडून दिलं होतं.

डिसेंबरात, मुदत संपायला आठवडा असताना, शरच्चंद्र सरांनी दीपालीला ओळींबद्दल विचारलं. सर औषध कंपनीतून निवृत्त होऊन इथे व्यवस्थापक झालेले, सदाशिव पेठेत वाढलेले, तिरकस पण कोणाचं वाईट न चिंतणारे. दीपालीने आडपडदा ठेवला नाही. पाळीच्या दिवसांत बोटं आखडतात, गुडघे दुखतात, पेडल दाबवत नाही. ओळी रोजच्या मोजू नका, महिन्याच्या मोजा, त्यात कमी भरले तर बोला. महिन्याच्या बेरजेत ती सगळ्यांच्या पुढेच होती. सरांचे कान लाल झाले. त्यांनी केबिनच्या काचेतून पूर्णिमाला खूण करून बोलावलं.

"मॅडम, हा विषय माझ्या अभ्यासक्रमात नव्हता," ते टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत म्हणाले. "पोटात दुखतं हे ऐकून आहे. गुडघे आणि बोटं? तुम्ही चार वर्षं फाइली ऐकता. असं काही असतं का?"

त्या दिवशी पूर्णिमाचाही दुसरा दिवस होता. तिने खुर्ची ओढून घेतली होती, कारण उभं राहवत नव्हतं. डावा हात टेबलाखाली गुडघ्यावर होता. हो म्हणावं एवढंच होतं. पण हो म्हटलं की सर विचारणार, तुम्हाला कसं माहीत. आणि मग वाळू, टेंपो, स्कूटर, सगळं एका दमात कोसळणार. त्याच्याही मागे आई उभी होती, भरलेल्या टाकीपाशी.

"माझ्या तरी ऐकण्यात नाही, सर," ती म्हणाली.

एवढ्यावर थांबली असती तरी पुढे तिने स्वतःला कधी ना कधी माफ केलं असतं. पण खोटं बोलणारा माणूस एका वाक्यावर थांबत नाही. ती पुढे म्हणाली, "माझी आई तीस वर्षं आया होती. त्या दिवसांत एक दिवस बसली नाही. मुली कारणं काढतात."

दीपाली शेजारीच उभी होती. तिने फक्त टेबलाच्या कडेखाली, पूर्णिमाच्या हाताकडे बघितलं.

आठवड्याने मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. दीपाली हेडफोन जमा करून निघाली तेव्हा पूर्णिमा तिच्या मागे जिन्यापर्यंत गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माझं चुकलं, असं काहीतरी ती पुटपुटली.

दीपाली एक पायरी उतरून थांबली. "मॅडम, तुमची स्कूटर आणि माझे गुडघे एकाच तारखेला पडतात. हे मला पहिल्याच महिन्यात कळलेलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मला कशाला सांगताय? मला माहीतच हाय. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा."

ती उतरून गेली. पूर्णिमा मेल्याहून मेल्यासारखी होऊन जिन्यात उभी राहिली. आपली बढती, आपला कान, बिनचूकपणाबद्दल भिंतीवर लावलेला आपला फोटो, सगळ्याची तिला शिसारी आली. अकरा परक्या बायांचं दुखणं तिने शब्दाशब्दाने उतरवून दिलं होतं, आणि बारावी समोर उभी राहून बोलली तेव्हा कानावर हात ठेवले.

त्या रविवारी ती येरवड्याला आईकडे गेली. यमुनाबाई दारात बसून मेथी निवडत होती. पूर्णिमाही जुडी घेऊन बसली आणि मान वर न करता विचारलं, तुझे कधी दुखायचे का गं गुडघे, त्या दिवसांत. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नव्हता.

यमुनाबाईने निवडलेली पानं पुन्हा एकदा निवडली. मग म्हणाली, दुखायचे. शाळेच्या मागच्या भिंतीला धरून उठायची. बादली डाव्या हाताने उचलायची, कारण उजव्याची बोटं मिटायची नाहीत.

"मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

"कोणाला सांगू? बाकीच्या बाया म्हणाल्या असत्या, बघा, आता बसा की तुम्हीही बाजूला." तिने मेथीची जुडी झटकली. "घोंगडं सोडलं ते मान ताठ करायला सोडलं, पोरी. गुडघ्यांना ते कुठं ठाऊक."

पूर्णिमाला वाटलं, कोणीतरी थोबाडीत मारली. ज्या आईचा दाखला देऊन तिने त्या मुलीची नोकरी घालवली, त्या आईने तीस वर्षं भिंत धरून काढली होती. केबिनमध्ये आपण काय बोललो ते आईला सांगावं, असं तिच्या फार मनात आलं. सांगवलं नाही. मेथी निवडून झाली, चहा झाला, आणि ती बसने घरी आली.

पुढचे तीन आठवडे तिने रोज सकाळी ठरवलं आणि रोज संध्याकाळी पुढे ढकललं. सर मीटिंगमध्ये आहेत, सरांना सर्दी आहे, आज शनिवार आहे. निमित्तांची तिला कधीच वाण पडली नव्हती. जानेवारीत पुन्हा तारीख आली, थंडीने गुडघे दुप्पट धरले, आणि जिना चढताना दीपालीचं वाक्य पायरीपायरीवर आठवू लागलं. वर पोचल्यावर ती जागेवर न जाता सरळ केबिनमध्ये शिरली. बसली नाही, बसलो तर पुन्हा हात टेबलाखाली जाईल अशी भीती वाटली.

"सर, मी स्कूटरवरून कधीच पडलेले नाही," ती म्हणाली. "मला स्कूटर येत नाही."

सरांनी चष्मा काढला. "हे सांगायला तुम्ही पंचिंग करायच्या आधी आलात?"

मग तिने सगळं सांगितलं. चेहरा पेटला होता, नजर सरांच्या टेबलावरच्या काचेवर होती, पण आवाज फाइल वाचून दाखवावी तसा सरळ निघाला. पाळी हा शब्द तीनदा आला. तिसऱ्यांदा सरांनीही पेनस्टँडकडे बघणं सोडलं.

"अशा किती फाइली आल्या म्हणालात?"

"अकरा."

"आणि त्या दिवशी तुम्ही म्हणालात, ऐकण्यात नाही."

"हो. बारावी दीपाली, आणि तेरावी मी आहे, सर. म्हणून म्हणाले."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. बोलले तेव्हा पुणेरीपणा गेला नव्हता, पण धार गेली होती. या वयात अभ्यासक्रम बदलणं जड जातं, असं म्हणून त्यांनी तिला कॉम्प्युटरकडे बसायला सांगितलं. दीपालीची जागा अजून भरली नव्हती. तिला परत बोलावणारं पत्र ते सांगू लागले आणि पूर्णिमा टाइप करू लागली. ओळी यापुढे महिन्याच्या मोजल्या जातील, हे त्यांनी स्वतःहून घातलं. पत्राची सुरुवात त्यांनी अशी सांगितली: काही गैरसमजामुळे आपली मुदत वाढवता आली नाही.

पत्र छापून आलं. सरांनी सही करायला पेन उघडलं आणि थांबले. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: पूर्णिमा ओव्हाळ यांनी जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यामुळे आपली मुदत वाढवता आली नाही.

"मी असं म्हणालो नव्हतो," सर म्हणाले.

"नाही म्हणालात," ती म्हणाली. जे ऐकलं ते आणि तेवढंच, हा नियम तिने नोकरीत पहिल्यांदा मोडला होता. "पण गैरसमज कोणाचाच नव्हता."

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि खाली सही केली.

दीपाली परत आली नाही. तोवर तिने सिंहगड रोडला दुसरी नोकरी धरली होती, तसं तिने दोन ओळींत कळवलं. पत्र ठेवून घेतलंय, एवढंच शेवटी जास्तीचं लिहिलं होतं. म्हणजे पूर्णिमाच्या लाजेची भरपाई काही झाली नाही. ती लाज तिच्याजवळ राहिली, आणि तशी ती राहणं बरोबरच होतं.

पण हे पुढचं. त्या दिवशी दुपारी ती पत्र टाकायला खाली उतरली. शेवटची पायरी उतरताना गुडघ्यात कळ गेली आणि तिने कठडा गच्च धरला. दत्तोबा आपल्या लाकडी स्टुलावर बसून ऊन खात होता. त्याने नेहमीप्रमाणे मान हलवली.

"काय मॅडम, स्कूटर?"

"नाही, दत्तोबा," ती म्हणाली. "पाळी आहे. त्याने दुखतात."

दत्तोबा साठीचा माणूस. त्याने रस्त्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. पूर्णिमाच्या कानशिलापर्यंत लाज चढली. पण बोलून गेलेलं वाक्य तिने मागे घेतलं नाही, हसण्यावारीही नेलं नाही. ऑफिसातली दोन मुलं तिथेच उभी होती.

दत्तोबा उठला आणि त्याने स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं.

"मग उभ्या कशाला?" तो म्हणाला. "बसा की."

ती बसली, जाण्यायेण्याच्या वाटेत, दाराच्या अगदी मधोमध.